अवजारांचं काळेपण

मिलिंग मशीनवरून नुकताच उतरलेला एखादा टी-नट, म्हणजे मशीनच्या टेबलाच्या खाचेत बसणारा नट, हातात घेऊन बघा. कटरच्या खुणा एका दिशेने गेलेल्या, कडांवरची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, कानशीने काढलेली, मधोमध स्वच्छ आटे. पोलाद या घडीला जितकं उजळ असतं तितकं पुढे कधीच राहत नाही. तो टी-नट तसाच खणात टाकला, तर दोन-तीन दिवसांत त्यावर अंगठ्याचा ठसा उमटतो. तपकिरी आणि इतका स्वच्छ, की रेषा मोजता याव्यात. घामातलं मीठ पृष्ठभागावर राहिलेलं असतं, हवेतला ओलावा ते ओढून घेतं आणि बरोबर तेवढ्याच रेषांवर गंज बसतो.

आपल्या हाताने केलेली अवजारं बहुधा अशीच खराब होतात. क्लॅम्प, टूल होल्डर, टॅप फिरवायचा हँडल, डायचा होल्डर, बोअरिंग बार यांवर दिवसदिवस मेहनत घेतलेली असते, आणि शेवटचा अर्धा दिवस मात्र द्यायचा राहून जातो. रंग लावावा तर तो मापात घुसतो, आट्यात साचतो, पाना लागला की टवका उडतो. मुलामा द्यावा तर मापं बदलतात. पोलादाला रसायनाने काळं करणं हा या दोन्ही अडचणींमधून निघणारा रस्ता आहे, आणि घरच्या कामशाळेला तो फार जवळचा आहे.

हे काळं म्हणजे मॅग्नेटाइट. लोखंडाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. लाल गंजही लोखंड आणि ऑक्सिजनचाच, पण त्यात पाणी अडकलेलं असतं; तो फुगतो, भुसभुशीत होतो, गळून पडतो आणि खालचं नवं लोखंड पुन्हा उघडं टाकतो. काळा ऑक्साइड घट्ट असतो आणि खालच्या धातूला धरून बसतो. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात, म्हणजे बाथमध्ये, त्याचा थर साधारण एक मायक्रॉनचा होतो. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे हा थर किती पातळ ते कळेल. शिवाय तो थर लोखंड खाऊनच तयार होतो, त्यामुळे जवळपास निम्मा आत जातो आणि निम्मा बाहेर येतो. शाफ्ट आणि तो बसतो ते भोक, म्हणजे बोअर, यांच्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग सैल ठेवून केलेली बैठक काळं केल्यावरही तशीच बसते.

पण इतका पातळ थर काही झाकत नाही. खाली 120 नंबरच्या पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे असतील, तर ते काळे होऊन जास्तच उठून दिसतात. एकाच दिशेने 400 नंबरपर्यंत घासलेला भाग रेशमासारखा काळा निघतो. आरशासारखा पॉलिश केलेला भाग काळ्या काचेसारखा, आणि हवेच्या जोराने बारीक मणी मारून ब्लास्ट केलेला भाग मंद, करडसर काळा. फिनिश कसा हवा याचा निर्णय म्हणूनच रसायनाच्या आधी घ्यायचा असतो. गोल भाग लेथवर फिरवत, सपाट भाग काचेच्या तुकड्यावर पेपर पसरून, आणि प्रत्येक पृष्ठभागावर शेवटचे हात एकाच दिशेने. वापराच्या अवजाराला 240 ते 320 पुरे. त्यापुढची मेहनत डोळ्यांसाठी आहे, आणि डोळ्यांसाठी करायलाही काही हरकत नाही.

हॉट रोल्ड पट्टीवरची मूळची राखाडी खपली मात्र पूर्ण काढावी लागते. तीही ऑक्साइडच असते, पण जाड आणि भेगाळलेली; तिच्यावर रसायन एकसारखं चढत नाही. दहा टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ती सुटते, आम्लाचा जोर आणि खपलीची जाडी यांप्रमाणे दहा-पंधरा मिनिटांत किंवा तासाभरात. हे काम कामशाळेत कधीही करू नये. या आम्लाची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच खोलीतल्या लेथचा बेड, मायक्रोमीटर, ड्रिलचा डबा, सगळ्यांवर एका रात्रीत तांबूस धूळ धरते. बाटलीचं झाकण किंचित सैल राहिलं तरी हेच होतं. आम्ल मोकळ्या हवेत वापरायचं आणि ठेवायचंही बाहेरच. पातळ करताना पाण्यात आम्ल ओतायचं, उलट नाही.

यानंतर तेल काढणं, आणि या सगळ्या कामाचं खरं पाणी इथेच जोखलं जातं. कटिंग ऑइल पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. ते आट्यांच्या तळाशी, पकडीसाठी उठवलेल्या नर्लिंगच्या चौकड्यांत, आरपार नसलेल्या भोकांत बसून राहतं. एक लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्याचं लिक्विड घालावं, पाणी साठ-सत्तर अंशांवर ठेवावं आणि भाग त्यात बुडवून ताठ केसांच्या ब्रशने घासावा. आट्यांना बाटली धुण्याचा बारीक ब्रश लागतो. या क्षणापासून भाग उघड्या हाताने धरायचा नाही. नायट्रिलचे नवे हातमोजे घालायचे, आणि त्यांनी मशीनचा हँडल किंवा तेलकट फडकं चुकूनही धरायचं नाही.

तेल गेलं की नाही याची परीक्षा पाणी स्वतः घेतं. भाग नळाखाली धरून तिरका करायचा. पाणी एकसंध पापुद्र्यासारखं पसरून राहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. कुठे थेंब गोळा होत असतील, पापुद्रा फाटून कोरडं बेट दिसत असेल, तर तिथे तेल आहे. ते बेट जिथे दिसलं तिथेच नंतर राखाडी डाग पडणार. ही परीक्षा लिक्विड पूर्ण धुऊन झाल्यावरच घ्यायची, कारण साबण अंगावर असताना पाणी तेलावरही पसरतं आणि आपली फसगत होते. अॅसिटोनने पुसणार असाल तर प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी घ्या, नाहीतर तेच तेल पातळ होऊन सगळीकडे पसरतं. सिलिकॉनचा स्प्रे ज्या भागावर पडला आहे तो तर दोनदा धुऊनही शंकास्पद मानावा.

आता काळं करायच्या पद्धती. घरी तीन जमतात, आणि चौथी एक धुराची.

सगळ्यांत सोपी म्हणून बाटलीतलं थंड द्रावण आधी घेतलं जातं. त्याला ऑक्साइड म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्यातून मॅग्नेटाइट तयार होत नाही. त्यात मोरचूद असतं, सेलेनियमचं आम्ल असतं आणि पृष्ठभाग उघडा करायला थोडं फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्ल. लोखंड नुसत्या मोरचुदात बुडवलं की त्यावर लालसर तांबं चढतं, हे शाळेतच पाहिलेलं असतं. सेलेनियम सोबत असलं की तांबं एकटं न बसता त्याच्याशी जुळून कॉपर सेलेनाइड होतं, आणि ते काळं असतं. म्हणजे हा वरून बसलेला थर आहे. लोखंडातून उगवलेल्या ऑक्साइडइतकी त्याची पकड नसते. ज्या भागावर हात सतत घासणार, त्याच्यावरून तो काही महिन्यांत कडांपासून उडायला लागतो.

तरी नीट केलं तर हे काम पुष्कळ चांगलं होतं. बाटलीवर पातळ करण्याचं जे प्रमाण दिलं असेल ते पाळावं. घट्ट द्रावण जास्त काळं करेल हा समज खोटा आहे, ते फक्त काजळी वाढवतं. लागेल तेवढंच द्रावण प्लास्टिकच्या डब्यात काढायचं. बोअरिंग बारसारख्या लांब भागाला पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला खालून टोपण चिकटवलं की उत्तम भांडं होतं आणि द्रावणही कमी लागतं. भाग नायलॉनच्या दोऱ्याने टांगायचा. पाच टक्के आम्लात तीस सेकंद, लगेच पाण्यात, आणि मग चाळीस-पन्नास अंशांच्या कोमट पाण्यात थोडा वेळ; कोमट भागावर काळं एकसारखं चढतं. तिथून ओलाच थेट द्रावणात. या दोन पावलांच्या मध्ये भाग सुकू द्यायचा नाही, कारण ताजं, आम्लाने उघडं पडलेलं लोखंड सुकता सुकता गंजतं आणि त्या ओघळांच्या रेघा पुढे शेवटपर्यंत दिसत राहतात.

द्रावणात गेल्यावर रंग कसा येतो ते बघत राहावं. आधी करडा, मग निळसर, आणि साधारण तिसाव्या ते साठाव्या सेकंदाच्या दरम्यान काळा. भाग सतत हलता ठेवायचा, म्हणजे अंगाला हवेचे बुडबुडे चिकटून पांढरे ठिपके राहत नाहीत. पूर्ण काळा झाल्यावर अजून गडद होईल म्हणून ठेवण्याचा मोह आवरायचा. दीड-दोन मिनिटांनंतर वर चढतं ती सुटी काजळी, आणि ती पुसताना खालचं चांगलं कामही घेऊन जाते. बाहेर काढून थंड पाण्यात खळबळायचं, अगदी बारीक, चार शून्याच्या स्टील वूलने हलक्या हाताने पुसायचं आणि अर्ध्या वेळासाठी पुन्हा बुडवायचं. एकदाच लांब बुडवण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं बुडवलेला थर कितीतरी टिकतो. मग पाणी, मग लिटरमागे दोन चमचे खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, मग पुन्हा पाणी. हा सोडा टाळला तर आम्लाचा अंश सांध्याकोपऱ्यांत राहतो आणि दुसऱ्या दिवशी काळ्यातून केशरी पूड वर येते.

बिघाड बहुतेक वेळा स्वतःचं कारण सांगतो. बोटाच्या आकाराचा डाग म्हणजे हातमोज्याविना धरलं. तांबूस झाक म्हणजे द्रावण थकलं. सगळा भाग फक्त राखाडीवर अडला तर पोलादात क्रोमियम जास्त आहे किंवा ते कडक केलेलं आहे. हायस्पीड स्टील आणि जास्त क्रोमियमचं डाय स्टील थंड द्रावणाला दाद देत नाही. वेल्डिंगच्या जोडाभोवती पट्टा वेगळा दिसणारच, कारण तिथे भरलेला धातू वेगळा आणि उष्णतेची खपलीही. चांदीचा झाळ पांढराच राहतो. वापरलेलं द्रावण मूळ बाटलीत परत ओतायचं नाही. त्यात उतरलेलं लोखंड उरलेली बाटलीही निकामी करतं.

सेलेनियमचं विष साधं नाही. ते कातडीतून, श्वासातून, तोंडातून आत जातं, आणि श्वासाला लसणाचा वास येणं हे ते अंगात गेल्याचं एक जुनं लक्षण मानतात. हातमोजे, चष्मा, खेळती हवा, आणि त्या टेबलावर खाणंपिणं नाही. उरलेलं द्रावण मोरीत किंवा मातीत ओतू नये. तांबं आणि सेलेनियम दोन्ही पाण्यातल्या जिवांना मारक. वेगळ्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून, नाव लिहून, धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावं.

दुसरी पद्धत हट्टाने पुढे करावीशी वाटते, कारण तिला मान मिळायला हवा तितका मिळत नाही. भाग मुद्दाम गंजवायचा आणि पाण्यात उकळायचा. जुन्या बंदुकांच्या नळ्या अशाच काळ्यानिळ्या केल्या जात. उकळत्या पाण्यात लाल गंजाचं रूपांतर काळ्या ऑक्साइडमध्ये होतं. हे पहिल्यांदा होताना बघणं फार सुंदर असतं. केशरी मखमल चढलेला भाग पाण्यात जातो, दोन-तीन मिनिटांत कडांवरून रंग खोल होऊ लागतो, आणि दहा मिनिटांत तीच मखमल काळीशार झालेली असते.

त्यासाठी 200 मिलिलिटर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यात एक सपाट चमचा मीठ इतकं पुरतं. तेल पूर्ण काढलेला भाग पन्नास-साठ अंशांपर्यंत गरम करायचा आणि जवळपास कोरड्या पिळलेल्या फडक्याने हे पाणी पुसल्यासारखं लावायचं. ओघळ येऊ द्यायचे नाहीत. ओघळ आला तिथे गंज जाड बसतो आणि त्याची रेघ धातूत खोल जाते. काही मिनिटांत पातळ केशरी थर येतो. मग शुद्ध केलेल्या, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळणं. साध्या जड पाण्यातले क्षार काळ्यावर पांढरे ठिपके ठेवून जातात. भांडं स्टेनलेस स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला न्यायचं नाही. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तो आधी कागदाने टिपून घ्यायचा, कारण भाग वर काढताना त्या तवंगातूनच येतो, सगळ्या अंगाला तेल फासून घेतो आणि पुढचा थर धरत नाही.

उकळल्यावर वरची सुटी मखमल स्टील वूलने घासून काढायची. स्टील वूलच्या गुंडाळीला गंजू नये म्हणून कारखान्यातच तेल लावलेलं असतं. ती आधी अॅसिटोनमध्ये धुऊन घेतली नाही तर आतापर्यंतचं सगळं वाया. पहिल्या फेरीनंतर भाग फिकट करडा दिसतो आणि मन खट्टू होतं. दुसऱ्या फेरीत तो गडदतो, चौथी ते सहावी फेरी येईस्तोवर खोल काळा. फेरी पुरी झाली की पुन्हा गंजवणं, उकळणं, घासणं. शेवटी ताज्या पाण्यात वीस मिनिटं उकळून मीठ बाहेर काढायचं. ही पायरी गाळली तर मिठाचा क्लोराइड खड्ड्यांत राहतो आणि काळ्याच्या खालून गंज चालूच राहतो. पेरॉक्साइडचं उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवायचं नाही. त्यात गंजाचा कण गेला की ते विघटित होतं, वायू सुटतो आणि बाटली फुगते.

या पद्धतीने पृष्ठभाग किंचित खाल्ला जातो आणि मंद होतो. ग्राइंड केलेल्या, मापाच्या तोंडांना ती चालत नाही. बोअरमध्ये लाकडी खुंटी ठोकावी, नाजूक तोंडांवर वार्निशचा हात द्यावा. पण क्लॅम्प, हँडल, टूलपोस्टचं अंग, नर्ल केलेले स्क्रू यांना याच्याइतकं टिकाऊ काळं घरच्या घरी दुसऱ्या कशाने मिळत नाही. त्यात विषारी काही उरत नाही, आणि जो थर मिळतो तो खराखुरा ऑक्साइड असतो.

कारखान्यांत चालतं ते तिसरं, गरम कॉस्टिकचं. पाण्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट किंवा नायट्राइट, वजनाने ढोबळमानाने दोनास एक, आणि इतकं घट्ट की मिश्रण 135 ते 145 अंशांच्या मध्ये उकळावं. इथे एक सुरेख गोष्ट आहे. उकळीचं तापमान हेच द्रावणाच्या घट्टपणाचं माप असतं. 130 च्या आतच उकळू लागलं तर पाणी जास्त आहे, भाग काळा होणार नाही; उकळत ठेवून पाणी उडू द्यायचं. 150 च्या वर गेलं तर पाणी कमी पडलं, आणि भागावर तांबूस-तपकिरी पूड चढते. बरोबर तापमानाला दहा ते तीस मिनिटांत गडद, घट्ट काळं. नायट्राइट असेल तर अमोनियाचा वास येतो. तो या रासायनिक क्रियेतूनच निघतो.

मात्र 140 अंशांचं कॉस्टिक अंगावर उडालं तर भाजणं आणि रसायनाने जळणं दोन्ही एकदम होतं, आणि डोळ्यात गेलं तर डोळा जातो. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, रबरी एप्रन, लांब हातमोजे, बंद बूट, मोकळी हवा आणि हाताशी भरपूर पाणी, यातलं एकही नसेल तर हे काम करू नये. कॉस्टिक नेहमी थंड पाण्यात थोडं थोडं घालायचं. उकळत्या बाथमध्ये पाणी ओतणं म्हणजे स्फोट घडवणं. त्या तापमानाला पाण्याची क्षणात वाफ होते आणि बाथ उसळून बाहेर येतो. पाणी वाढवायचं ते आच बंद करून, द्रावण शंभर अंशांच्या बऱ्याच खाली आल्यावर, थोडं थोडं. ओला भागही हळूहळू उतरवायचा.

एक धोका फारसा बोलला जात नाही. थंड झाल्यावर हे मिश्रण वरून दगडासारखं गोठतं. दुसऱ्या दिवशी खालून आच दिली की तळाचं द्रावण वितळून उकळायला लागतं आणि वर घट्ट झाकण असतं. वाफ कोंडते आणि एकाएकी फुटून वर येते. म्हणून गोठलेला थर आधी फोडायचा, आच मंद ठेवायची, आणि सगळं पातळ होईस्तोवर तोंड वाकवून बघायचं नाही.

भांडं साध्या पोलादाचं किंवा स्टेनलेसचं. अॅल्युमिनियम यात विरघळतं आणि हायड्रोजन सोडतं, म्हणून अॅल्युमिनियमचं भांडं, हँडल, रिव्हेट काहीच नको. जस्त आणि कथील यांचंही तेच. टांगायला साधी लोखंडी तार; तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा असलेली तार बाथ बिघडवते. आरपार नसलेल्या भोकांची तोंडं वर ठेवली तर हवा निघून जाते, पण बाहेर काढल्यावर त्यातलं कॉस्टिक ओतून, उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. नाहीतर आठवडाभराने आट्यांतून पांढरी बुरशी आल्यासारखे क्षार फुटतात. बीडाचे भाग, विशेषतः सिलिकॉन जास्त असलेले, या बाथमध्ये तपकिरीकडे झुकतात. साधं स्टेनलेस काळं होतच नाही.

धुराची पद्धत म्हणजे भाग तापवून तेलात बुडवणं. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून तेलात घातला की काळपट थर बसतो, धूर होतो आणि तेल पेटूही शकतं. झाकण हाताशी हवंच. माइल्ड स्टीलच्या हँडलला ती ठीक. कडक केलेल्या भागाला मात्र कधीही नाही. कडक पोलादाला 200 ते 230 अंशांवर गवती रंग येतो, 300 च्या जवळ निळा, आणि त्यापुढे कडकपणा उतरत जातो. 350 ला तापवलेला सेंटर पंच दिसतो छान, पण टोक बसतं. उलट 140 अंशांच्या कॉस्टिकने पाणी देऊन कडक केलेल्या आणि मग पुन्हा तापवून नीट उतरवलेल्या पोलादाचा कडकपणा जात नाही. फक्त कडक स्प्रिंगांना आणि फार कडक भागांना आधी आम्लात टाकू नये. आम्लातून निघणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि स्प्रिंग नंतर ताणाखाली अचानक तुटते. तिथे खपली घासूनच काढावी.

कोणत्याही पद्धतीचं काळं झालं तरी काम तिथे संपत नाही, आणि बहुतेकांचा हात नेमका तिथेच आखडतो. कोरडा काळा थर गंजापासून फारसं रक्षण करत नाही. त्यात सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्याचं खरं काम तेल धरून ठेवणं हे आहे. शेवटच्या गरम पाण्यातून भाग काढला की तो गरम आणि ओला असतानाच पाणी हटवणाऱ्या तेलात बुडवावा. हे तेल पृष्ठभागावरच्या पाण्याच्या खाली शिरतं आणि पाणी तळाशी जाऊन बसतं. रात्रभर तसाच राहू द्यावा, सकाळी टांगून निथळवावा. काळेपणाची खोली तेलानंतर एकदम वाढते. करडा वाटणारा भाग तेलातून गडद निघतो. म्हणून तेलाच्या आधी निराश होऊन पुन्हा सगळं घासायला घेऊ नये. ज्यांना हात लागत राहणार अशा भागांना तेलानंतर पातळ मेण बरं पडतं, बोटं काळी होत नाहीत.

काय काळं करू नये हेही सांगायला हवं. व्ही-ब्लॉकची, म्हणजे गोल भाग धरायच्या खाचेच्या ठोकळ्याची, ग्राइंड केलेली तोंडं, समांतर पट्ट्या, मोर्स टेपरचे निमुळते दांडे, सरकणाऱ्या आणि माप देणाऱ्या जागा उजळच राहाव्यात. काळ्या अंगावर उजळ तोंड असलं की कोणता पृष्ठभाग मापाचा हे न सांगता कळतं.

आणि या सगळ्यात लेथच्या हँडलची डायल काळी करण्याचं काम सगळ्यांत आनंदाचं. इथे थंड द्रावणच घ्यावं, कारण डायलच्या रेघा बारीक असतात आणि मापही ढळायला नको. रेघा कोरून, आकडे ठोकून झाल्यावर ठोक्यांनी वर आलेल्या कडा आधी बारीक कानशीने बसवून घ्याव्यात. मग डायल पूर्ण काळी करायची, दोन वेळा, रेघांच्या तळापर्यंत. सोड्याचं पाणी, तेल, आणि एक रात्र. दुसऱ्या दिवशी डायल मँड्रेलवर, म्हणजे तिच्या भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर, चढवून लेथ सावकाश फिरवायचा, सपाट लाकडी पट्टीवर 600 नंबरचा पेपर गुंडाळायचा आणि तेलाचे दोन थेंब टाकून अगदी हलका दाब द्यायचा. नुसत्या बोटाने पेपर धरला तर तो रेघेत वाकतो आणि आतलं काळं काढून टाकतो, म्हणून पट्टी कडकच हवी. वरचा काळा थर दोन-चार फेऱ्यांत जातो, खालचं पोलाद पांढरं उघडं पडतं, आणि प्रत्येक रेघ व आकडा तेवढा काळा राहतो. डायलचं अंग उजळलं की लगेच थांबायचं. आणखी फेऱ्या मारल्या तर उथळ रेघा आधी पुसट होतात, आणि त्या बहुतेक वेळा दोन आकड्यांच्या मधल्या, सगळ्यांत आखूड रेघा असतात.